पखवाजाचा हात कीबोर्डवर: ताइको गेमसाठी कोणती पद्धत निवडायची?

दशावतारी नाटक असो की डबलबारी भजन, सिंधुदुर्गात पखवाजाशिवाय रंगत येत नाही. पखवाजावर हात बसलेला एखादा मुलगा कॉम्प्युटरवर जपानी ढोलाचा गेम खेळायला बसला की मात्र गोंधळतो. ताल कळतो, पण कुठलं बोट कुठे ठेवायचं हे कळत नाही. सुरुवातीला बोटांना जी सवय लागते, ती नंतर मोडणं अवघड असतं. म्हणून हा निर्णय आधीच समजून घेतलेला बरा.

गेम नेमका काय आहे?

ताइको म्हणजे जपानी ढोल. नामको कंपनीने २००१ मध्ये ‘ताइको नो तात्सुजिन’ हा गेम जपानच्या गेम पार्लरमध्ये आणला. त्यात समोरच्या ढोलावर काठ्यांनी वाजवायचं असतं. स्क्रीनवर लाल गोल आला की ढोलाच्या मध्यभागी मारायचं, तो आवाज ‘डोन’. निळा गोल आला की कडेला मारायचं, तो आवाज ‘का’. गोल मोठा असेल तर दोन्ही हातांनी एकदम.

घरच्या कॉम्प्युटरवर हाच प्रकार ‘ओसू’ या मोफत गेममध्ये खेळता येतो. ऑस्ट्रेलियाचे डीन हर्बर्ट यांनी तो २००७ मध्ये आणला. इथे ढोलाऐवजी चार बटणं असतात: दोन ‘डोन’ची, दोन ‘का’ची. त्यांची मांडणी कशी करायची, हाच खरा प्रश्न.

दोन मुख्य पद्धती

खेळाडू डोनला ‘डी’ आणि काला ‘के’ म्हणतात. समजा झेड, एक्स, सी, व्ही ही चार बटणं घेतली.

पहिली पद्धत के-डी-डी-के. बाहेरची दोन बटणं निळी, आतली दोन लाल. म्हणजे प्रत्येक हाताकडे दोन्ही रंग. जपानी ढोलावरही असंच असतं, दोन्ही हात मध्यभागी आणि कडेलाही मारतात.

दुसरी पद्धत डी-डी-के-के. डाव्या हाताकडे फक्त लाल, उजव्याकडे फक्त निळा. याचीच उलट मांडणी के-के-डी-डी.

फरक एका उदाहरणातून कळेल. ‘डोन डोन का डोन’ वाजवायचं आहे. पहिल्या पद्धतीत हात आलटून पालटून चालवले तर डावा, उजवा, डावा, उजवा असं होईल. दुसऱ्या पद्धतीत डावा, डावा, उजवा, डावा.

कुठे काय सोपं, काय कठीण?

के-डी-डी-के मध्ये काम दोन्ही हातांत वाटलं जातं. लालच लाल गोलांची लांब रांग आली तरी एक हात थकत नाही. मोठा गोलही दोन्ही हातांनी वाजतो. अडचण रंग भराभर बदलतात तेव्हा येते. पाळी कुठल्या हाताची आणि रंग कुठला, दोन्ही एकदम लक्षात ठेवावं लागतं.

डी-डी-के-के मध्ये रंग दिसला की हात ठरला. वाचायला सोपं. पण एकाच रंगाची वेगवान रांग आली की सगळा भार एका हाताच्या दोन बोटांवर येतो.

पखवाज वाजवणाऱ्याला काय जवळचं?

पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावतात, तिथून घुमणारा आवाज येतो. उजवीकडे शाई, तिथला आवाज टणक. म्हणजे आवाज ठरला की हात ठरतो. हे तत्त्व डी-डी-के-केचं आहे. ‘तिट कत गदि गन’ घ्या. ‘तिट’ एकट्या उजव्या हाताचं, पुढचे बोल डावा-उजवा असे आलटून पालटून. एका हातावर सलग दोन आघात त्याला नवे नाहीत. त्यामुळे पखवाज किंवा तबला शिकलेल्याने ही पद्धत आधी करून पाहायला हरकत नाही. कुठलंच वाद्य न शिकलेल्याने के-डी-डी-केपासून सुरुवात करावी.

मग ठरवायचं कसं?

एकच सोपं गाणं दोन्ही पद्धतींनी काही दिवस वाजवून पाहा. चुका कुठे होतात ते बघा. रंग चुकत असेल तर डी-डी-के-के मदत करेल. रंग बरोबर येतो, पण वेगात एक हात मागे पडतो, तर के-डी-डी-के बरी. डी-डी-के-केच आवडली, पण डावा हात कमजोर असेल, तर लाल रंग उजवीकडे घ्या, कारण गाण्यांत अनेकदा लाल गोल जास्त असतात.

मनगट दुखायला लागलं तर तिथेच थांबा. बटणं जोरात दाबून गुण वाढत नाहीत, वेळेवर दाबून वाढतात.

एकदा पद्धत ठरली की दर आठवड्याला बदलू नका. पखवाजाचा हात जसा रोजच्या रियाजाने बसतो, तशीच ही बोटंही बसतात.