पुलावर बुडालेले शंभर

अकरावीचा एक विद्यार्थी परवा माझ्याकडे तक्रार घेऊन आला. "सर, संगणक लबाडी करतो!" 'एज ऑफ एम्पायर्स' मालिकेतला, १९९९ साली निघालेला मध्ययुगीन युद्धाचा खेळ तो खेळत होता. त्याने शंभर सैनिक पुलावरून पलीकडे धाडले. पलीकडे शत्रूचे साठच होते. तरी याचे शंभरही गारद झाले आणि शत्रूचे चाळीसएक शिल्लक! मी म्हटले, "कागद काढ. चूक संगणकाची की तुझी, ते पाहू."

समजा, दोन्हींकडचे सैनिक सारख्याच ताकदीचे आहेत, आणि मोकळ्या मैदानात प्रत्येकाला प्रतिपक्षातील कोणावरही मारा करता येतो. दर मिनिटाला दहा सैनिकांमागे शत्रूचा एक पडतो असे धरू. पहिल्या मिनिटात शंभरांपैकी ६ पडतील, साठांपैकी १०. उरले ९४ आणि ५०. पाहा, लहान बाजू आता निम्म्याच्या जवळ आली! मिनिटाऐवजी अगदी लहान लहान टप्पे घेतले, तर असे आढळते की दोन्ही संख्यांच्या वर्गांतील फरक शेवटपर्यंत कायम राहतो. १०० चा वर्ग १०,०००, ६० चा ३,६००, फरक ६,४००. साठही संपतील तेव्हा मोठ्या बाजूचे ६,४०० च्या वर्गमुळाइतके, म्हणजे ८० जण उभे असतील. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने (हे गृहस्थ मोटारी बनवीत) हा नियम १९१४ साली मांडला.

आता मध्ये पूल आणू. शंभर जण एकदम पलीकडे पोहोचत नाहीत. समजा, ते वीस-वीसच्या तुकड्यांनी पोहोचतात, आणि पुलाच्या तोंडाशी अर्धवर्तुळात उभे असलेले साठही जण प्रत्येक तुकडीवर तुटून पडतात. वीसचा वर्ग ४००. पहिल्या तुकडीनंतर ३,६०० चे ३,२०० झाले. पाच तुकड्यांनी मिळून वजा झाले फक्त २,०००. उरले १,६००, त्याचे वर्गमूळ ४०. शंभर माणसे एकत्र असताना त्यांचे बळ १०,००० होते, तुकड्या पाडताच ते २,००० वर आले! खऱ्या हातघाईत हिशेब इतका नेमका जुळत नाही, कारण मागच्या रांगेतल्या तलवारीला काम नसते. पण कल कोणीकडे, ते स्पष्ट आहे.

गंमत अशी, की ज्या मोहिमेतून हा खेळ नवख्यांना शिकवला जातो, ती स्कॉटलंडच्या विल्यम वॉलेसची आहे. आणि वॉलेसने हाच डाव खऱ्या पुलावर टाकला होता. ११ सप्टेंबर १२९७ रोजी स्टर्लिंग येथे फोर्थ नदीवरच्या लाकडी पुलापाशी इंग्रज सैन्य आले. पुलावरून जेमतेम दोन घोडेस्वार शेजारी-शेजारी जाऊ शकत. रिचर्ड लंडी नावाच्या सरदाराने सुचवले की, जवळच नदीला उतार आहे, तेथून साठ स्वार एका वेळी जातील. दोनच्या जागी साठ! पण त्याचे कोणी ऐकले नाही. खजिनदार क्रेसिंगहॅमला तर खर्च वाढण्याची काळजी होती. वॉलेस आणि त्याचा साथी अँड्र्यू मरे टेकडीवर थांबून राहिले. आपल्याला झेपतील एवढेच इंग्रज अलीकडे उतरल्यावर त्यांचे भालेकरी खाली धावले आणि त्यांनी पुलाचे तोंड अडवले. उतरलेल्यांना मागे जाता येईना, पलीकडच्यांना पुढे येता येईना. क्रेसिंगहॅम तेथेच मारला गेला. सेनापती सरे सैन्याचा मोठा भाग घेऊन पलीकडच्या काठावर उभा होता, पण लढाईच्या हिशेबात ती माणसे शून्य!

मग पूल ओलांडायचाच झाला तर? आमच्या विद्यार्थ्याने दुसऱ्या दिवशी तिरंदाज अलीकडच्या काठावरच ठेवले. बाण नदी ओलांडतो, त्याला पूल लागत नाही. म्हणून सगळे तिरंदाज एकाच वेळी हिशेबात आले. पुलाचे तोंड मोकळे होईपर्यंत त्याने पायदळ रोखून धरले. थोडे स्वार दुसऱ्या उतारावरून पाठवले. या वेळी तो जिंकला, पण निम्म्याहून अधिक सैनिक गमावून. पूल स्वस्त पडत नाही.

आता तुम्ही कागद काढा. तेच शंभर पन्नास-पन्नासच्या दोन तुकड्यांनी गेले, तर साठांविरुद्ध जिंकून त्यांतले सदतीस उरतात, हे ताडून पाहा. मग तीन सारख्या तुकड्या करून पाहा.