नोकऱ्यांची लूट आणि एका अध्यक्षाचा खून

मार्च १८२९मध्ये अँड्र्यू जॅक्सन अमेरिकेचे सातवे अध्यक्ष झाले आणि वॉशिंग्टनमध्ये नोकरी मागणाऱ्यांची झुंबड उडाली. कुणाला आपल्या गावाची पोस्टमास्तरकी हवी होती, कुणाला बंदरावरची जकातीची जागा. सगळ्यांचं म्हणणं एकच : प्रचारात राबलो, आता त्याचं काहीतरी द्या. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकी अध्यक्षांचा विषय निघाला की गुलामगिरी, आयातकर, राष्ट्रीय बँक हे वाद आठवतात, आणि ते मोठे होतेच. पण अध्यक्षांचा रोजचा वेळ खाल्ला तो नोकऱ्यांच्या वाटपाने. या वाटपाला राज्यशास्त्राच्या पुस्तकांत ‘लूट पद्धती’ म्हणतात.

जॅक्सन यांचा युक्तिवाद

त्याआधी सरकारी पदं बहुधा शिकल्यासवरल्या, प्रतिष्ठित घराण्यांतल्या माणसांकडे असत. एकदा जागा मिळाली की ती म्हातारपणापर्यंत सुटत नसे, आणि काही ठिकाणी बापामागून मुलगा त्याच खुर्चीत बसे. जॅक्सन सरहद्दीवरच्या गरिबीतून वर आलेले. डिसेंबर १८२९च्या आपल्या पहिल्या वार्षिक संदेशात त्यांनी सांगितलं की सरकारी काम इतकं सोपं आहे, किंवा सोपं करता येईल, की कोणताही समंजस माणूस ते करू शकेल. एकाच जागी वर्षानुवर्षं बसलेला माणूस पदाला स्वतःची मालमत्ता समजू लागतो, म्हणून पदं फिरती ठेवावीत.

हा युक्तिवाद निव्वळ ढोंग नव्हता. कारकुनाच्या खुर्चीवर वतनासारखा हक्क कुणालाच नसावा, हे लोकशाहीला धरूनच आहे. पण रिकाम्या झालेल्या जागेवर कोणताही समंजस माणूस बसला नाही, पक्षाचा माणूस बसला. जॅक्सन यांनी पहिल्या दीड वर्षात साधारण दहातल्या एकालाच काढलं. त्यांच्या बदलौकिकाच्या मानाने हा आकडा लहान आहे. खरं नुकसान पायंड्याने झालं. न्यूयॉर्कचे सिनेटर विल्यम मार्सी यांनी १८३२मध्ये सिनेटमध्येच उघडपणे सांगून टाकलं की जिंकणाऱ्याचा लुटीवर हक्क असतो.

जॅक्सन यांनी न्यूयॉर्क बंदराचा जकात कलेक्टर म्हणून आपले मित्र सॅम्युअल स्वॉर्टवाउट यांना नेमलं होतं. परराष्ट्रमंत्री मार्टिन व्हॅन ब्युरेन यांचा या नेमणुकीला विरोध होता, तो मानला गेला नाही. १८३८मध्ये स्वॉर्टवाउट युरोपला गेले, तेव्हा बारा लाखांहून जास्त डॉलरचा हिशेब लागत नव्हता. या प्रकारावर विरोधी व्हिग पक्षाने रान उठवलं. पुढे १८४१मध्ये व्हिगांच्या हाती सत्ता आली, आणि त्यांनीही तेच केलं. लिंकनसुद्धा अपवाद नाहीत. यादवी युद्ध तोंडावर असताना त्यांच्या दारात नोकरीसाठी रांगा लागत, आणि त्यांनी अध्यक्षांच्या नेमणुकीतले बहुतेक जुने लोक बदलले.

काढायचा अधिकार कुणाचा?

अमेरिकेच्या घटनेत नेमणुकीचा नियम आहे : अध्यक्षाने नाव सुचवायचं, सिनेटने मान्यता द्यायची. काढून टाकण्याबद्दल घटना गप्प आहे. लिंकननंतर अध्यक्ष झालेले अँड्र्यू जॉन्सन आणि काँग्रेस यांच्यात, दक्षिणेतल्या मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना किती हक्क द्यायचे यावरून वितुष्ट आलं, तेव्हा काँग्रेसने ही फट गाठली. सिनेटच्या संमतीने नेमलेल्या माणसाला तिच्या संमतीवाचून काढता येणार नाही, असा कायदा १८६७मध्ये अध्यक्षांचा नकाराधिकार ओलांडून झाला. पुढच्या फेब्रुवारीत जॉन्सन यांनी युद्धमंत्री एडविन स्टँटन यांना काढलं आणि जॉन्सन यांच्यावर महाभियोग आला. सिनेटमध्ये ३५ मतं विरुद्ध, १९ बाजूने. दोषी ठरवायला ३६ हवी होती. एका मताने वाचलेल्या या अध्यक्षाचा खटला कागदोपत्री एका नोकरीवरून झाला होता.

न्यूयॉर्कचं कस्टम हाउस

लूट पद्धती कशी चाले ते पाहायला न्यूयॉर्कच्या कस्टम हाउससारखी दुसरी जागा नाही. त्या काळी आयकर नव्हता (यादवी युद्धाच्या वेळचा १८७२मध्ये संपला होता). सरकारचं मोठं उत्पन्न आयातकराचं, आणि त्यातला सिंहाचा वाटा या एका बंदरातून येई. इथे सुमारे हजार माणसं कामाला होती. ती नेमली जात न्यूयॉर्कमधले रिपब्लिकन पुढारी सिनेटर रॉस्को कॉन्कलिंग यांच्या मर्जीने. निवडणूक आली की प्रत्येकाच्या पगारातून ठरावीक टक्के पक्षाकडे जात. नाव ‘ऐच्छिक वर्गणी’. न देणाऱ्याची नोकरी मात्र टिकत नसे.

१८७१पासून इथले कलेक्टर होते चेस्टर आर्थर. माणूस नीटनेटका, गोडबोल्या, कपड्यांचा शौकीन. आयातदारांकडून वसूल केलेल्या दंडात अधिकाऱ्यांचा वाटा असे, त्यामुळे आर्थर यांची मिळकत वर्षाला पन्नास हजार डॉलरच्या घरात जाई, म्हणजे जवळपास देशाच्या अध्यक्षाइतकी. धाडी जोरात का पडत, हे वेगळं सांगायला नको. दंडातला वाटा १८७४मध्ये बंद झाला. पुढे अध्यक्ष रदरफोर्ड हेज यांनी चौकशी लावली आणि सिनेटशी झगडून १८७८मध्ये आर्थर यांना हटवलं.

लंडनची परीक्षा आणि हिंदुस्थान

हेज यांनी आणखी एक काम केलं. न्यूयॉर्कचे वकील डॉर्मन ईटन यांना त्यांनी ब्रिटिश सनदी सेवेचा अभ्यास करायला लावलं. त्यावरचं ईटन यांचं पुस्तक १८८०मध्ये निघालं. वशिल्याऐवजी स्पर्धा परीक्षा ही कल्पना ब्रिटिशांनी घरच्या नोकऱ्यांत सर्रास वापरण्याआधी हिंदुस्थानसाठी वापरली होती. ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांनी आपापले भाचे-पुतणे इकडे पाठवायचे, हा प्रकार १८५३च्या सनदी कायद्याने संपवला आणि १८५५मध्ये लंडनला खुली परीक्षा झाली. ती कागदावर सगळ्यांना खुली होती. १८६९मध्ये चार हिंदी तरुण उत्तीर्ण झाले. त्यांतल्या सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि मुंबई इलाख्यातले श्रीपाद बाबाजी ठाकूर यांची नावं वयाचा वाद काढून वगळण्यात आली, आणि नंतर परत घ्यावी लागली.

अमेरिकी पुढाऱ्यांना परीक्षेची ही कल्पना बिलकूल आवडली नाही. हे इंग्रजी खूळ आहे, यातून पुस्तकी किड्यांचा नवा सरंजाम तयार होईल, अशी टीका झाली. जॅक्सन यांचाच युक्तिवाद आता पक्षाच्या यंत्रणेच्या कामी येत होता.

गारफील्ड यांचा खून

१८८०च्या अधिवेशनात रिपब्लिकन पक्षाने छत्तिसाव्या फेरीत जेम्स गारफील्ड यांना उमेदवारी दिली. कॉन्कलिंग यांचा गट नाराज होऊ नये म्हणून उपाध्यक्षपद कस्टम हाउसवाल्या आर्थर यांना दिलं. निवडून आल्यावर गारफील्ड यांनी कॉन्कलिंग यांचा विरोधक कस्टम हाउसवर नेमला. रागावून कॉन्कलिंग यांनी मे १८८१मध्ये सिनेटचा राजीनामा दिला. न्यूयॉर्कचं विधिमंडळ आपल्याला पुन्हा निवडेल, असा त्यांचा हिशेब होता, तो फसला.

चार्ल्स गिटो नावाचा एक विक्षिप्त इसम याच काळात व्हाइट हाउस आणि परराष्ट्र खात्याचे उंबरठे झिजवत होता. प्रचारात आपण एक भाषण लिहिलं, म्हणून पॅरिसचं वाणिज्यदूतपद आपल्याला मिळालंच पाहिजे, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. नकार मिळाल्यावर २ जुलै १८८१ला वॉशिंग्टनच्या रेल्वे स्टेशनात त्याने गारफील्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या आणि आता आर्थर अध्यक्ष होतील, असं तो ओरडला. डॉक्टरांनी न धुतलेली बोटं आणि हत्यारं जखमेत घालून गोळी शोधली. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी धातू शोधणारं यंत्रही आणलं; गोळी सापडली नाही. अडीच महिने यातना भोगून १९ सप्टेंबरला अध्यक्ष गेले.

कायदा झाला कसा

खुनामुळे देश हादरला, पण काँग्रेस लगेच हलली नाही. १८८२मध्ये तर रिपब्लिकन समितीने सरकारी नोकरांकडे पगाराच्या दोन टक्क्यांची मागणी करणारी पत्रं धाडली. त्या नोव्हेंबरात पक्षाचा प्रतिनिधिगृहात दारुण पराभव झाला. पुढचा अध्यक्ष डेमोक्रॅट असेल आणि तो आपली सगळी माणसं काढून टाकेल, ही भीती समोर दिसताच परीक्षेचं महत्त्व अचानक पटलं. ओहायोचे डेमोक्रॅट सिनेटर जॉर्ज पेंडलटन यांचं विधेयक, ज्याचा मसुदा मुख्यतः ईटन यांचा होता, भराभर मंजूर झालं आणि १६ जानेवारी १८८३ला त्यावर सही झाली. सही करणारे होते चेस्टर आर्थर.

कायद्याखाली सुरुवातीला दहा टक्क्यांच्या आसपासच नोकऱ्या आल्या. बाकीच्या कधी आणायच्या, ते अध्यक्षावर सोडलं होतं. पायउतार होणाऱ्या अध्यक्षांनी याचा बरोबर उपयोग केला : जाता जाता आपण नेमलेल्या माणसांच्या जागा कायद्याखाली आणायच्या, म्हणजे नव्याला त्यांना हात लावता येणार नाही. अशा स्वार्थी उड्यांनीच शतक संपेपर्यंत परीक्षेच्या जागा चाळीस टक्क्यांच्या पुढे गेल्या. पेंडलटन यांना मात्र स्वपक्षीयांनी पुन्हा सिनेटवर पाठवलं नाही.

या कायद्याने पगारातली वर्गणी बेकायदा ठरल्यावर पक्षांना पैशासाठी दुसरी दारं शोधावी लागली. १८९६मध्ये विल्यम मॅकिन्ली यांच्या प्रचाराचे सूत्रधार मार्क हॅना यांनी बँकांकडून त्यांच्या भांडवलाचा पाव टक्का घेतला, आणि स्टँडर्ड ऑइल कंपनीने अडीच लाख डॉलर दिले.