विश्लेषण : दोन हजार रुपयांत मासेमारीचा रॉड आणि रील कसे निवडावे? खोक्यावरच्या आकड्यांवर किती भरवसा ठेवावा?

पिंप्राळ्यातून मेहरूण तलाव, गिरणेचे पात्र आणि वाघूर धरण ही तिन्ही ठिकाणे दुचाकीच्या टप्प्यात आहेत. हाताशी वेळ असेल तर भुसावळ तालुक्यातील तापीवरचे हतनूर धरणही एका दिवसात जाऊन येण्यासारखे आहे. त्यामुळे सुट्टीच्या दिवशी गळ टाकून बसण्याचा छंद जळगावकरांना नवा नाही. नवे आहे ते बाजारातले सामान. पूर्वी बांबूची काठी आणि तंगुसाची गुंडाळी पुरत असे. आता मोबाइलवर शोध घेतला की काही शे रुपयांच्या संचापासून अर्धा लाख रुपयांच्या रीलपर्यंत सगळे एकाच पानावर दिसते. प्रत्येक खोक्यावर ‘१३ बेअरिंग’, ‘१० किलो ड्रॅग’, ‘१०० टक्के कार्बन’ असे आकडे छापलेले असतात. यातले कोणते आकडे कामाचे, कोणते नुसते दिखाऊ आणि मोजक्या पैशांची वाटणी कशी करावी?

रील खरोखर लागते का?

रीलचे मुख्य काम दोन. गळ लांब फेकता यावा आणि मासा पळू लागला की दोरा तुटू न देता तो सोडता यावा. काठापासून पाच-सहा मीटरच्या आत, उथळ पाण्यात तिलापिया किंवा लहान मासे धरायचे असतील तर रीलची गरज नाही. सरळ, वाळलेली बांबूची काठी, तिच्या टोकाला काठीइतकाच लांब दोरा, एक बूच आणि लहान गळ एवढ्यावर भागते. खर्च शंभर-दीडशे रुपयांच्या आत. मुलांना शिकवण्यासाठी तर हाच प्रकार उत्तम.

धरणाच्या पाण्यात मात्र चित्र बदलते. मृगल आणि सायप्रिनस हे प्रामुख्याने खालच्या थरात चरतात, रोहू मधल्या थरात, कटला वरच्या थरात. मोठा मासा सहसा काठापासून दूर असतो आणि गळाला लागला की पहिली धाव जोरात घेतो. तिथे वीस-तीस मीटर फेक आणि ड्रॅग असलेली रील हवी. म्हणून दुकानात जाण्याआधी दोन प्रश्नांची उत्तरे ठरवावीत. कोणत्या पाण्यावर जायचे आणि कोणता मासा धरायचा? सामानाची निवड त्यावरून होते, जाहिरातीवरून नाही.

नवशिक्याने कोणत्या प्रकारची रील घ्यावी?

बाजारात मुख्यतः तीन प्रकार दिसतात. रॉडच्या खाली लटकणारी स्पिनिंग रील, वरच्या बाजूला बसणारी बेटकास्टिंग रील आणि बटण दाबून फेकायची बंद तोंडाची रील. कमी पैशांत स्पिनिंग रीलच घ्यावी. स्वस्त बेटकास्टिंग रीलमध्ये फेकताना दोऱ्याचा घरटे झाल्यासारखा गुंता होतो. बंद तोंडाच्या स्वस्त रीलचे आतले भाग लवकर झिजतात.

स्पिनिंग रीलची कल्पना खान्देशाला अगदीच परकी नाही. इंग्लंडमधील कापड उद्योजक आल्फ्रेड इलिंगवर्थ यांनी १९०५ मध्ये या धर्तीच्या रीलचे पेटंट घेतले. गिरणीतल्या बॉबिनवरून सूत जसे टोकाकडून सुटते, तसाच दोरा रीलच्या स्थिर फिरकीवरून सुटावा, हे त्यामागचे तत्त्व. जळगावची खान्देश मिल किंवा अमळनेरची प्रताप मिल ज्यांनी चालू असताना पाहिली, त्यांना हे सांगावे लागणार नाही. फेकताना फिरकी फिरतच नाही, त्यामुळे गुंता कमी होतो.

रीलच्या आकारासाठी १०००, २०००, ३०००, ४००० असे क्रमांक असतात. क्रमांक मोठा तशी रील मोठी. अर्ध्या किलोपासून तीन-चार किलोपर्यंतच्या माशासाठी २५०० ते ३००० पुरेशी होते. सहा हजार क्रमांकाची रील तेवढ्याच पैशांत मिळते म्हणून घेणे हा तोट्याचा सौदा आहे. ती जड असते, हात दुखतो आणि त्याच किमतीत मोठी वस्तू देताना आतला माल हलका वापरलेला असण्याची शक्यता जास्त.

खोक्यावरच्या आकड्यांचा अर्थ काय?

‘५.२:१’ म्हणजे हँडल एकदा फिरवले की दोरा गुंडाळणारा भाग ५.२ वेळा फिरतो. फिरकीचा व्यास ४५ मिलिमीटर धरला तर तिचा परीघ सुमारे १४ सेंटिमीटर होतो. म्हणजे हँडलच्या एका फेऱ्यात साधारण ७३ सेंटिमीटर दोरा आत येतो. तळाशी गळ टाकून बसणाऱ्यासाठी पाचच्या आसपासचे प्रमाण ठीक आहे. त्याहून वेगवान रीलसाठी जास्त पैसे मोजण्याचे कारण नाही.

‘१३ बेअरिंग’ हा सर्वात फसवा आकडा. चांगल्या प्रतीची तीन-चार बेअरिंग असलेली रील निकृष्ट तेरा बेअरिंगांच्या रीलपेक्षा गुळगुळीत चालते आणि जास्त टिकते. आकडा वाचण्याऐवजी हँडल हळू फिरवून पाहावे. खरखर, अडखळणे किंवा हँडलचा पुढे-मागे डुगडुगाट जाणवला तर ती रील खाली ठेवावी.

‘१० किलो ड्रॅग’ हाही असाच. ड्रॅग म्हणजे रीलमधला ब्रेक. मासा ठरावीक जोराच्या पलीकडे ओढू लागला की हा ब्रेक सरकतो आणि दोरा सुटतो. पण दोराच पाच किलोचा असेल तर दहा किलोच्या ब्रेकचा उपयोग काय? ब्रेक लागण्याआधी दोरा तुटेल. महत्त्वाचे आहे ते ब्रेक झटके न देता सरकणे. दोरा हाताने सावकाश ओढून हे दुकानातच तपासता येते.

रॉडवर काय वाचावे?

रॉडच्या मुठीच्या वर बारीक अक्षरांत लांबी, दोऱ्याची ताकद आणि फेकायचे वजन लिहिलेले असते. हा मजकूर मात्र लक्ष देऊन वाचावा. ‘८-१४ पौंड’ म्हणजे सुमारे साडेतीन ते साडेसहा किलो ताकदीचा दोरा या रॉडला योग्य. ‘१०-३० ग्रॅम’ म्हणजे शिसे आणि आमिष मिळून तेवढेच वजन फेकावे. त्याहून जड शिसे जोरात फेकले तर रॉड तुटू शकतो. असा काहीच मजकूर नसलेला रॉड घेऊ नये.

काठावरून बसून मासेमारीसाठी २.१ ते २.४ मीटर, म्हणजे सात-आठ फूट लांबी सोयीची. ‘मीडियम’ ताकद नवशिक्याला बहुतेक ठिकाणी चालते. दाट पाणवनस्पतीत लपणारी मरळ धरायची असेल तर थोडा ताठर रॉड आणि जाड दोरा लागतो, कारण तिला वनस्पतीत शिरू न देता ताबडतोब बाहेर ओढावे लागते.

फायबर ग्लास की कार्बन? कमी पैशांत फायबर ग्लास किंवा मिश्र बनावटीचा रॉड जास्त विश्वासाचा. तो जड असतो, पण आपटला, पायाखाली आला, दुचाकीवर घासला तरी सहन करतो. कार्बन हलका आणि संवेदनशील, मात्र टोला बसला की ठिसूळ होतो. शिवाय अगदी स्वस्त रॉडवर ‘कार्बन’ लिहिलेले असले तरी त्यात कार्बनचे प्रमाण किती, हे ग्राहकाला कळायला मार्ग नसतो.

घडीचा, म्हणजे एकात एक सरकणारा टेलिस्कोपिक रॉड पिशवीत मावतो. पण त्याच्या सांध्यांत नदीची वाळू अडकली की तो नीट उघडत नाही आणि झिजतो. दोन तुकड्यांचा रॉड त्या मानाने टिकाऊ. तो नेण्यासाठी पीव्हीसी पाइपचा तुकडा आणि दोन टोप्या पुरतात. पाइप उद्योगासाठी ओळखल्या जाणाऱ्या जळगावात ही वस्तू शोधायला दूर जावे लागत नाही.

दोन हजारांची वाटणी कशी करावी?

एक ठोकताळा असा. रीलला आठशे, रॉडला सातशे, दोऱ्याला अडीचशे, गळ, शिसे, फिरकी-कडी आणि बूच यांना दीडशे, उरलेले शंभर रुपये पाइप आणि किरकोळ गोष्टींना. दुकानागणिक किमतीत फरक पडेल, पण प्रमाण हेच ठेवावे. बहुतेक जण रॉडवर सगळे पैसे घालतात आणि दोरा, गळ फुकटात आलेले वापरतात. प्रत्यक्षात माशाला जोडलेली वस्तू गळ आहे, मग गाठ, मग दोरा. मासा सुटतो तो बहुधा याच तीन ठिकाणी.

‘रॉड, रील, दोरा, पेटी सगळे एकत्र’ अशा संचात रॉड आणि रील कधी कधी चालण्यासारखे असतात, दोरा मात्र सहसा निकृष्ट निघतो. तो काढून ०.३० मिलिमीटर जाडीचा चांगला नायलॉन दोरा भरावा. फिरकीच्या कडेपासून दोन-तीन मिलिमीटर खाली येईपर्यंतच दोरा भरायचा. जास्त भरला तर गुंता, कमी भरला तर फेक तोकडी.

विणलेला, म्हणजे ब्रेडेड दोरा बारीक आणि मजबूत असला तरी स्वस्त रॉडवर टाळावा. नायलॉन ताणला जातो आणि माशाचा झटका पचवतो. ब्रेडेड जवळजवळ ताणतच नाही, त्यामुळे सगळा झटका रॉडवर आणि गाठीवर येतो. हलक्या प्रतीच्या कड्यांना त्याने खाचाही पडतात.

गळाचे क्रमांक उलटे चालतात, हे लक्षात ठेवावे. १० क्रमांकाचा गळ ४ क्रमांकापेक्षा लहान. ‘१/०’, ‘२/०’ असे लिहिले असेल तिथे मात्र आकडा वाढतो तसा गळ मोठा होतो. तिलापियासाठी ८ ते १०, रोहू-मृगलसाठी २ ते ६ हे बरे माप.

घरी आल्यावर पहिले काम कोणते?

ड्रॅग जुळवणे. पाच किलोच्या दोऱ्यावर ड्रॅग त्याच्या पाव ते तृतीयांश, म्हणजे साधारण दीड किलोवर सुटला पाहिजे. यासाठी तराजूही लागत नाही. दीड लिटर पाण्याने भरलेली बाटली म्हणजे जवळपास दीड किलो. रीलमधून सरळ खाली सोडलेल्या दोऱ्याला ती टांगावी आणि बाटली सावकाश खाली सरकेल इतपत ब्रेक आवळावा. गाठ आवळण्यापूर्वी ती थुंकीने किंवा पाण्याने ओली करावी. कोरडी गाठ घर्षणाने तापते आणि नायलॉन तिथेच कमजोर होतो.

ऑनलाइन मागवलेले सामान उघडताना चित्रीकरण करून ठेवावे आणि रॉडचे टोक आधी तपासावे. जुना रॉड घेत असाल तर प्रत्येक कडीतून कापूस फिरवावा. कुठे तंतू अडकले तर तिथे चीर आहे, असे समजावे. हीच चीर पुढे दोरा कापते.

जळगावच्या उन्हाळ्यात रॉड आणि रील गच्चीवर किंवा बंद गाडीत ठेवू नये. ऊन आणि उष्णतेने नायलॉन ठिसूळ होतो. वर्षातून एकदा तरी दोरा बदलावा. मासेमारीनंतर ड्रॅग सैल करावा, वाळू ओल्या फडक्याने पुसावी, हँडलच्या सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडावा. ड्रॅगच्या चकत्यांवर मात्र हे तेल जाऊ देऊ नये.

परवानगी आणि सुरक्षिततेचे काय?

धरणात आणि तलावात मासे आपोआप आलेले असतात, हा समज अनेकदा चुकीचा ठरतो. राज्यातील बहुतेक जलाशयांचे मासेमारीचे हक्क मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात. संस्था पैसे भरून मत्स्यबोटुकली सोडतात आणि भोई, कोळी कुटुंबांचे घर त्यावर चालते. म्हणून छंदासाठी जाणाऱ्याने आधी संस्थेला विचारावे, शुल्क असेल तर भरावे. शहरातल्या तलावावर स्थानिक प्रशासनाचा नियम काय आहे, तेही पाहावे.

हंगामाचेही भान हवे. आषाढी एकादशीला पिंप्राळ्याचा रथ निघतो, त्याच सुमारास रोहू, कटला, मृगल अंडी घालण्यासाठी वाहत्या पाण्याकडे सरकतात. त्या काळात पोटात अंडी असलेली मोठी मादी मारणे म्हणजे पुढच्या वर्षीचा मासा मारणे. अशी मादी गळाला लागलीच तर ओल्या हाताने धरून पाण्यात सोडावी.

कार्बन रॉडमधून वीज वाहते. दीपनगर वीज केंद्राच्या परिसरातल्या उच्चदाब वाहिन्यांखाली किंवा शेतपंपांच्या लोंबत्या तारांजवळ तो उभा धरणे जिवावर बेतू शकते. आभाळ गडगडू लागले की कोणताही रॉड आडवा ठेवून काठ सोडावा. गिरणेच्या पात्रात वाळू उपशामुळे पडलेले खोल खड्डे वरून दिसत नाहीत, त्यामुळे अडकलेला गळ सोडवायला पाण्यात उतरू नये. दहा रुपयांचा गळ आहे, दोरा कापून मोकळे व्हावे. काठावर राहिलेला दोरा मात्र गुंडाळून घरी आणावा. नायलॉन वर्षानुवर्षे कुजत नाही आणि पाणपक्ष्यांच्या पायात अडकतो.