मुक्तिसदन, केडगाव

मुक्तिसदन : पंडिता रमाबाई (२३ एप्रिल १८५८–५ एप्रिल १९२२) यांनी पुणे जिल्ह्याच्या दौंड तालुक्यात केडगाव येथे वसविलेली निराश्रित स्त्रिया व मुले यांची ख्रिस्ती वसाहत. भीमा खोऱ्यातील हा प्रदेश पर्जन्यछायेत मोडत असून अवर्षणप्रवण आहे. अशा कोरडवाहू माळावर धर्मश्रद्धा, सामुदायिक श्रम आणि विहिरींचे पाणी यांच्या आधारे उभी राहिलेली ही वसाहत महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात लक्षणीय ठरते.

पार्श्वभूमी : रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत उच्चवर्णीय विधवांसाठी शारदासदन काढले व १८९० मध्ये ते पुण्यास नेले. सदनातील मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस उपस्थित राहतात, यावरून १८९३ मध्ये तीव्र वाद उद्‌भवला. न्यायमूर्ती रानडे व रा. गो. भांडारकर यांनी सल्लागार मंडळाशी असलेला संबंध तोडला आणि अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. संस्थेस कायमचे उत्पन्न लाभावे, म्हणून रमाबाईंनी पुणे–सोलापूर लोहमार्गावरील केडगाव स्थानकाजवळ सु. १०० एकर (सु. ४० हेक्टर) जमीन फळबागेसाठी घेतली होती. वसाहतीची कल्पना तेव्हा नव्हती.

स्थापना व विकास : मध्य प्रांतातील १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी सु. ३०० मुली व स्त्रिया आणल्या. पुण्यात प्लेगमुळे निर्बंध असल्याने त्यांना शहरात ठेवणे अशक्य झाले आणि केडगावच्या शेतावर तात्पुरते निवारे उभारावे लागले. पुढे पक्क्या इमारती बांधण्यात येऊन सप्टेंबर १८९८ मध्ये मुक्तिसदनाचे समर्पण झाले. गुजरातेतील १९०० च्या दुष्काळानंतर रहिवाशांची संख्या दीड हजारांच्या पुढे गेली. एवढ्या लोकांस पाणी पुरविणे, हा वसाहतीपुढील मूलभूत प्रश्न होता. तो विहिरी खोदून सोडविण्यात आला व त्याच पाण्यावर भाजीपाला आणि फळझाडे वाढविण्यात आली.

पतित स्त्रियांसाठी कृपासदन, वृद्ध व अपंगांसाठी प्रीतिसदन आणि अंध स्त्रियांसाठी स्वतंत्र विभाग काढण्यात आला. रमाबाईंची कन्या मनोरमा (मृत्यू १९२१) हिने अंधांना ब्रेल लिपी शिकविली. लेखन-वाचनाबरोबर विणकाम, तेलघाणी, दुग्धव्यवसाय, शेती व मुद्रण यांचे शिक्षण मुलींना मिळे. खिळे जुळविण्यापासून बांधणीपर्यंतची मुद्रणालयातील कामे स्त्रियाच करीत. रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक भाषांतून केलेले बायबलचे मराठी भाषांतर येथेच छापण्यात आले.

स्वरूप व मूल्यमापन : धार्मिक समूहाने शुष्क प्रदेशात वसाहत केल्याचे प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील मॉर्मन पंथाचे आहे. छळामुळे पश्चिमेकडे निघालेले हे लोक ब्रिगम यंग याच्या नेतृत्वाखाली जुलै १८४७ मध्ये ग्रेट सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोहोचले व ओढ्यांचे पाणी पाटांनी वळवून त्यांनी शेती केली. श्रद्धा, शिस्त व पाण्याचे सामुदायिक नियोजन ही दोन्हींकडील समान सूत्रे होत. तथापि मॉर्मन कुटुंबांच्या वसाहती वाढत जाऊन त्यांतून यूटा राज्य आकारास आले. मुक्तिसदन मात्र मुख्यतः एकाकी स्त्रियांचे आश्रयस्थान होते. त्यास सत्ता वा विस्तार यांची आकांक्षा नव्हती आणि स्वावलंबनाचे प्रयत्न असूनही परदेशी देणग्यांची गरज त्यास कायम राहिली.

दुष्काळग्रस्त मुलींच्या धर्मांतराबद्दल रमाबाईंवर टीका झाली. आश्रय व धर्मप्रसार यांची येथे सांगड होती, हे खरे. मात्र उपासमार, वैधव्य आणि अनैतिक व्यापार यांच्या तडाख्यात सापडलेल्या स्त्रियांना जात न पाहता अन्न, अक्षर व उद्योग देणारी एवढी मोठी दुसरी व्यवस्था तत्कालीन महाराष्ट्रात क्वचितच होती. रमाबाईंच्या निधनानंतरही ‘पंडिता रमाबाई मुक्ती मिशन’ या नावाने संस्थेचे कार्य चालू राहिले.