कासवर दिवसाला 3000, आणि आपल्या बेंबळ्यावर?

2012 मध्ये साताऱ्याचं कास पठार युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं. माणसं अशी लोटली की इवल्या रोपांवर पाय पडू लागले. मग फुलांच्या हंगामात दिवसाला 3000 पर्यटक अशी मर्यादा आली, ऑनलाइन बुकिंग आलं. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो.

जिथे तिकीट नसतं, तिथे वाटेकडेला इन्फ्रारेड काउंटर बसवतात. किरण अडला की आकडा एकाने वाढतो. दोघं जोडीने गेले तर मात्र एकच धरला जातो, म्हणून अधूनमधून माणसाने मोजून आकडा दुरुस्त करायचा.

दिवसाच्या बेरजेपेक्षा महत्त्वाचं म्हणजे एका वेळी किती जण आहेत. 15 जून 2025, रविवार: पुणे जिल्ह्यातल्या कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना पूल गर्दीसकट कोसळला, चार जीव गेले.

बेंबळा धरणाचे दरवाजे उघडले की आपल्या बाभुळगावचीही पावलं तिकडे वळतात. कॉलेजच्या पोरांनी पावसाळ्यातल्या रविवारी येणारे-जाणारे वेगळे, दर तासाला लिहून काढले तरी पार्किंग कुठे हवं, बंदोबस्त कोणत्या वेळी हवा हे कळेल. वही-पेन पुरेसं आहे. कोण येतंय?