पाण्याखालील यान गोदीत कसे परतते?

खोल समुद्र अभियानाला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२१ मध्ये मंजुरी दिली. पाच वर्षांसाठी ४,०७७ कोटी रुपये खर्चाचे हे अभियान पृथ्वी विज्ञान मंत्रालयाचे आहे. समुद्रतळावरील खनिजांच्या शोधासाठी चेन्नईची राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्था ‘ओएमई ६०००’ हे मानवरहित स्वयंचलित यान वापरते.

अडचण काय आहे?
असे यान बॅटरीवर चालते. बॅटरी संपत आली की ते वर येते आणि कर्मचारी ते क्रेनने जहाजावर उचलून घेतात. लाटा उंच असल्यास यान जहाजावर आदळू शकते, माणसांना दुखापतही होऊ शकते. त्यामुळे खराब हवामानात काम थांबते; जहाजाचा खर्च मात्र चालूच राहतो.

गोदीचा उपयोग काय?
लाटांच्या खाली बसवलेल्या गोदीत यानाची बॅटरी चार्ज होते आणि गोळा केलेली माहिती उतरवून घेता येते. प्रत्येक वेळी यान बाहेर काढावे लागत नाही.

यान गोदी कशी शोधते?
• पाण्याखाली जीपीएस चालत नाही. म्हणून दुरून ध्वनिसंकेतांचा आधार घेतला जातो.
• जवळ आल्यावर कॅमेरा गोदीवरील दिवे ओळखतो.
• नरसाळ्यासारखे तोंड यानाला आत सरकवते.
• प्रवाहामुळे नेम चुकल्यास यान मागे फिरून पुन्हा प्रयत्न करते.

मर्यादा कोणती?
गोदीलाही वीज लागते. किनाऱ्याजवळ ती केबलने देता येते. भर समुद्रात तीच सोय सर्वांत कठीण असते.