हुसेन, पदमसी, आबिद सुरती: फिल्मच्या पट्टीवरचे प्रयोग

पंढरपुरात जन्मलेले एम. एफ. हुसेन चित्रकार म्हणून सगळ्यांना ठाऊक आहेत. पण १९६७ मध्ये त्यांनी फिल्म्स डिव्हिजनसाठी ‘थ्रू द आइज ऑफ अ पेंटर’ हा लघुपट केला आणि त्याला बर्लिन महोत्सवात लघुपटांचं गोल्डन बेअर मिळालं, हे आपल्या मुलांना कुणी सांगत नाही. राजस्थानातली गावं, किल्ले, आणि मधूनच येणारे छत्री, कंदील, बूट. कहाणी अशी नाहीच.

असे लघुपट मोहल्ल्याच्या हॉलमध्ये एकत्र बसून पाहू या, असं सुचवलं की पहिला सवाल येतो, "यात समजायचं काय?" सवाल रास्त आहे. त्याचं बरंचसं उत्तर फिल्मच्या पट्टीत आहे.

मोबाइलवर मुलं तासभर शूटिंग करतात आणि नको ते पुसून टाकतात. फिल्मचं तसं नसतं. प्लास्टिकच्या पट्टीवर जिलेटिनचा थर, त्यात चांदीचे क्षार. उजेड पडला की क्षारात बदल होतो, पण चित्र दिसतं ते रसायनात धुतल्यावरच. एका सेकंदाला २४ चित्रं लागतात. सोळा मिलिमीटरचं शंभर फुटी रीळ पावणेतीन मिनिटांत संपतं. उधळपट्टी परवडायची नाही.

मात्र एकेक चित्र सुटं घेता येतं, आणि प्रयोग करणाऱ्यांना तेच हवं होतं. प्रमोद पतींच्या ‘आबिद’मध्ये खुद्द आबिद सुरती (ढब्बूजीवाले!) आहेत. माणसाने जरासं हलायचं, एक चित्र घ्यायचं, पुन्हा हलायचं. पडद्यावर तो चालण्याऐवजी सरकतो, उडतो. मुलांना हे लगेच कळतं, मोठ्यांना थोडा वेळ लागतो.

अकबर पदमसींची गोष्ट मात्र जिवाला लागते. नेहरू फेलोशिपच्या पैशातून त्यांनी १९६९ च्या सुमारास मुंबईत व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप उभं केलं. चित्रकार आणि फिल्मवाले तिथे एकत्र काम करत. नलिनी मलानीही त्यात होत्या. पदमसींनी तिथे दोन फिल्म्स केल्या. ‘सिझिजी’ ही रेषांची, बिनआवाजाची फिल्म टिकली. दुसरी, ‘इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर’, हिची एकच प्रत होती. ती हरवली ती कायमचीच. पुढे २०१६ मध्ये आशिम अहलुवालियांनी वयोवृद्ध पदमसींना सोबत घेऊन ती हरवलेली फिल्म पुन्हा उभी करायचा प्रयत्न केला. २०२० मध्ये पदमसींचा इंतकाल झाला.

शो ठेवायचाच असेल तर तो अर्ध्या तासाचा पुरे. फिल्म्स डिव्हिजनच्या बऱ्याच जुन्या फिल्म्स इंटरनेटवर पाहायला मिळतात. आयोजकांनी त्या आधी स्वतः पाहाव्यात, आणि दाखवायच्या असतील तर परवानगीचं विचारून घ्यावं. ‘आबिद’ आधी दाखवा, मग हुसेन. ‘सिझिजी’ मिळालीच तर शेवटी, कारण ती सब्र मागते. हॉल नीट अंधारा करा. आवडलेली फिल्म लगेच दुसऱ्यांदा लावली तरी चालेल.

आणि त्याच दिवशी बुजुर्गांना विचारा, माळ्यावर शादीचं एखादं जुनं रीळ आहे का? डबा उघडल्यावर सिरक्यासारखा वास आला तर पट्टी सडू लागली आहे. ती प्रोजेक्टरवर चढवू नका, तुटेल. इतर रिळांपासून वेगळी, थंड आणि कोरड्या जागी ठेवा आणि लवकरात लवकर जाणकाराकडून डिजिटल करून घ्या.